पेल्टियरच्या वडीतलं बिस्मथ आणि चुंबकाची दिशा

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘पेल्टियर’ मागा. चार सेंटीमीटरची पांढरी चौकोनी वडी मिळते. एक वायर लाल, एक काळी. करंट सोडला की एक बाजू गार, दुसरी गरम. आत बिस्मथ टेल्युराइडचे बारीक ठोकळे ओळीने बसवलेले असतात.

याच पदार्थाचा शुद्ध स्फटिक ‘टोपोलॉजिकल इन्सुलेटर’ असतो: पोटात विद्युतरोधक, पृष्ठभागावर वाहक. (वडीत मुद्दाम केलेल्या भेसळीमुळे पोटातूनच इतका करंट वाहतो, की पृष्ठभागाला कोण विचारतो!) पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची दिशा आणि त्याचा स्पिन (त्याचं अंगभूत, दिशा असलेलं इवलंसं चुंबकत्व) यांची गाठ पक्की असते. सिंहस्थात रामकुंडाकडे जायचा रस्ता वेगळा, परतीचा वेगळा. आहे त्याच रस्त्यावर मागे वळता येत नाही. इथेही स्पिन उलटल्याशिवाय इलेक्ट्रॉनला उलट फिरता येत नाही, आणि साध्या अशुद्धीला स्पिन उलटवणं जमत नाही.

चुंबकत्वाला जमतं. पण खरी मौज दिशेत आहे. अणूंची चुंबकं पृष्ठभागाला समांतर आडवी असतील, तर इलेक्ट्रॉनच्या अवस्था ढोबळमानाने जागच्या थोड्या सरकतात, इतकंच. तीच चुंबकं एका दिशेने उभी राहिली की अवस्थांमध्ये ऊर्जेची फट पडते आणि पृष्ठभागाचा रस्ता बंद होतो. करंटला उरते फक्त कड, आणि तीही एकदिशा. २०१३ मध्ये चीनमधल्या शुए चीकुन यांच्या गटाने बिस्मथ टेल्युराइडच्याच जातीच्या, क्रोमियम मिसळलेल्या पातळ थरात हे दाखवलं. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र शून्य असताना हॉल रोध (करंटच्या आडव्या दिशेने मोजलेला रोध) सुमारे २५,८१३ ओहम भरला; कडेच्या एकाच वाटेसाठी हाच आकडा ठरलेला असतो. तापमान मात्र ०.०३ केल्विन, म्हणजे जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअस!

भेसळ करण्यापेक्षा चुंबकत्व स्फटिकाच्या रचनेतच असलेलं बरं. मँगनीज बिस्मथ टेल्युराइडमध्ये ते तसं आहे. सात-सात अणुथरांचे गठ्ठे. एका गठ्ठ्यातली चुंबकं एकाच दिशेला, शेजारच्या गठ्ठ्यातली नेमकी उलट. ही शिस्त सुमारे २५ केल्विनखाली लागते. गठ्ठे सम असले तर चुंबकत्वाची बेरीज शून्य, विषम असले तर एक शिल्लक. २०२० मध्ये पाच गठ्ठ्यांच्या पापुद्र्यात १.४ केल्विनला कडेवरच्या एकदिशा करंटचा तोच परिणाम मिळाला.

मात्र या पदार्थाच्या पृष्ठभागावरची फट काही नमुन्यांत ठळक दिसते, काहींत जवळजवळ दिसतच नाही. मँगनीज आणि बिस्मथचे अणू एकमेकांच्या जागा बळकावतात, त्यांच्यावर मोठा संशय आहे.