आलेख आधीच सपाट झाला होता

कोविडने बालकांचं लसीकरण कोलमडलं, असं सरसकट म्हटलं जातं. खरं आहे, पण गोष्ट तिथून सुरू होत नाही.

१९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेने विस्तारित लसीकरण कार्यक्रम हाती घेतला. देवी जवळपास हद्दपार झाली होती. आता क्षयरोग, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर यांची पाळी होती. विकसनशील देशांत तेव्हा जेमतेम ५ टक्के बाळांना या लसी मिळत. ऐंशीच्या दशकात युनिसेफचे जेम्स ग्रांट यांनी हा विषय असा लावून धरला, की १९८५मध्ये एल साल्वादोरमधलं यादवी युद्ध लसीकरणाच्या दिवसांपुरतं थांबलं. १९९०पर्यंत जगातली सुमारे तीन चतुर्थांश बाळं त्रिगुणीच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या एकत्रित लसीच्या, तिसऱ्या डोसपर्यंत पोहोचली.

मोजायचं माप हाच तिसरा डोस. बाळाला तीनदा आणलं गेलं आणि तिन्ही वेळा लस शिल्लक होती, हे त्यातून कळतं. एकदाच होणाऱ्या मोहिमेतून ते कळत नाही.

नव्वदच्या दशकात गाडी अडली. २०००मध्ये ‘गावी’ (Gavi) ही लसींसाठी निधी देणारी आंतरराष्ट्रीय संस्था आल्यावर गरीब देशांना पैसा मिळाला आणि ती पुन्हा हलली. पण २०१०चा आकडा ८४ टक्के, २०१९चा ८६. नऊ वर्षांत दोनच टक्के! उरलेली मुलं युद्धक्षेत्रांत, दुर्गम वस्त्यांत, शहरांच्या नोंद नसलेल्या कडांवर होती. तिथे लस नेणं वेगळंच काम. गोवराची दहा डोसची कुपी एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. समोर दोनच बाळं असतील तर ती फोडायची की त्यांना परत पाठवायचं, हे लस टोचणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवायचं.

मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडून सामूहिक मोहिमा थांबवण्याचा सल्ला आला. नियमित लसीकरण शक्य तिथे चालू ठेवा, असंही सांगितलं होतं. पण कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपलेले आणि आईवडील घराबाहेर पडायला धजत नव्हते. २०२१मध्ये तिसऱ्या डोसचं प्रमाण ८१ टक्क्यांवर आलं. एकही डोस न मिळालेली बाळं २०१९मध्ये सुमारे १.३ कोटी होती, ती १.८ कोटी झाली.

२०२४चा आकडा ८५ टक्के, म्हणजे गाडी जवळपास जुन्याच पठारावर. गोवराला तेवढं पुरत नाही. त्याला रोखायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांना हवेत. दुसरा मिळाला ७६ टक्क्यांना. गोवराचे मोठे उद्रेक झालेले देश २०२२मध्ये ३३ होते, २०२४मध्ये ६०.