मुलाखतींचा डेटा आणि बंद पडलेल्या मिलचं एक गाव

आपल्या सोलापुरात सायकॉलॉजीत एमए करणाऱ्या पोरांना डिझर्टेशनच्या वेळी हमखास ऐकावं लागतं, नुसत्या आठ मुलाखतींवर काय सांगणार, सॅम्पल किती, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी) कुठंय? मग पोरगं गपचूप प्रश्नावल्या वाटत फिरतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आकडे आणि बोलणं एकत्र वापरणं ही काही कालपरवाची फॅशन नाहीये.

१८७९ ला जर्मन सायकॉलॉजिस्ट वुंटनी लाइपझिगला सायकॉलॉजीची प्रयोगशाळा काढली हे सगळ्यांना पाठ असतं, पण भाषा, मिथकं, रूढी हे प्रयोगात मावत नाही म्हणून त्यानंच पुढं दहा खंड लिहिले ते कुणी सांगत नाही. १९१३ ला अमेरिकन सायकॉलॉजिस्ट वॉटसन म्हणाला वागणूक तेवढी बघा, आणि माणसाचं स्वतःचं म्हणणं बाजूला पडलं.

पण १९३१-३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या मारिएनथालला जे झालं ते सोलापूरकरांनी तर वाचायलाच पाहिजे. तिथली कापड मिल बंद पडली आणि अख्खं गाव बेकार झालं, आपल्याकडं ‘जुनी मिल’ नावाची मिल आणि मग एकेक करत बाकीच्या बंद पडल्या तेव्हा घरंच्या घरं बसली, तसंच. संशोधक मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांच्या टीमनी ४७८ कुटुंबांची कार्डं केली, जेवणाच्या नोंदी घेतल्या, लोकांकडून दिवसाचे तासवार तक्ते भरून घेतले, आणि जोडीला आयुष्याच्या कहाण्याही ऐकल्या. वाचनालयाची फी माफ केली तरी पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, म्हणजे हातात वेळच वेळ आणि वाचन मात्र कमी! खिडकीआडून चालणारे लोक बघितले तर पुरुष वाटेत सारखे थांबायचे, बायका नाही, कारण मिल बंद पडली तरी चूल बंद नव्हती. हे नुसत्या आकड्यातून कळलं नसतं, नुसत्या गप्पांतूनही नाही. इंग्रजीत हे यायला १९७१ उजाडलं.

तोवर १९५९ ला कॅम्पबेल आणि फिस्क या सायकॉलॉजिस्टांनी एकच गोष्ट अनेक पद्धतींनी तपासा असं मांडलं होतं, आणि १९६७ ला ग्लेझर-स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी हॉस्पिटलातल्या मरणासन्न पेशंटांच्या अभ्यासातून ग्राउंडेड थिअरी आणली, म्हणजे थिअरी आधी ठरवायची नाही, डेटा एकमेकाशी ताडत ताडत वर येऊ द्यायची. मग १९९६ ला जोनाथन स्मिथची आयपीए, म्हणजे माणूस स्वतःच्या अनुभवाचा काय अर्थ लावतो ते बारकाईनं बघायची पद्धत, २००६ ला ब्राउन-क्लार्कचं थीमॅटिक ॲनालिसिस, म्हणजे मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे अर्थाचे धागे (थीम) शोधणं, जे आज सगळेच वापरतात, पण बरेचदा मुलाखतीचे प्रश्नच थीम म्हणून लिहून मोकळे होतात. २०१८ ला एपीएनी (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) गुणात्मक, म्हणजे बोलण्या-अनुभवांवरचा, आणि मिक्स्ड मेथड, म्हणजे त्याला आकड्यांची जोड दिलेला रिसर्च कसा मांडायचा याचे निकषही छापले.

आपल्याकडं मात्र मुलाखतीत सोलापूरच्या पूर्व भागातली विडी वळणारी बाई तेलुगूत सुरू करते, मधेच मराठीत येते, आणि आपण ट्रान्सक्रिप्ट सरळ इंग्रजीत करून कोडिंगला, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावायला, बसतो. निदान तिचा मूळ शब्द शेजारच्या रकान्यात तरी ठेवा.