अणुअंकातून गण काढायची वजाबाकी

चांदीचा अणुअंक ४७. त्यातून ३६ वजा केले की ११ उरतात, आणि चांदी ११व्या गणातच, म्हणजे आवर्तसारणीच्या ११व्या उभ्या स्तंभात आहे. लोखंडाचा अणुअंक २६. त्यातून १८ गेले, उरले ८. लोखंडाचा गण आठवा. आवर्तसारणीतली ११८ मूलद्रव्ये कोणत्या उभ्या स्तंभात बसतात हे पाठ करण्यात मुलांचा फार वेळ जातो. खरे तर निष्क्रिय वायूंचे सहा अणुअंक तेवढे ध्यानात ठेवले की पुरते: २, १०, १८, ३६, ५४ आणि ८६. दिलेल्या अणुअंकापेक्षा लहान, पण त्याच्या सर्वांत जवळचा आकडा यातून निवडायचा आणि वजाबाकी करायची.

चौथ्या आणि पाचव्या आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, उत्तर थेट मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तात बाकी ३ किंवा जास्त आली तर तिच्यात १० मिळवायचे. गंधकाचा अणुअंक १६. १० वजा केले की ६, त्यात १० मिळवले की १६वा गण. सहाव्या-सातव्या आवर्तात बाकी १७ किंवा जास्त आली तर तिच्यातून १४ काढायचे. सोने ७९, वजा ५४ म्हणजे २५, आणि २५ वजा १४ म्हणजे ११. सोने चांदीच्या बरोबर खाली येते. आवर्तही याच यादीतून कळते: २ वजा केले तर दुसरे आवर्त, १० वजा केले तर तिसरे, आणि याच क्रमाने ८६ वजा केले तर सातवे.

हे १० आणि १४ येतात इलेक्ट्रॉनांच्या उपकवचांतून. एस उपकवचात २ इलेक्ट्रॉन मावतात, पी मध्ये ६, डी मध्ये १० आणि एफ मध्ये १४. चौथ्या आवर्तात एस, डी आणि पी भरतात. २, १० आणि ६ मिळून १८, म्हणून सगळे अठरा स्तंभ भरून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तात डी भरतच नाही. तक्त्यात बेरिलियम आणि बोरॉन यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते ती याच दहांची. सहाव्या आवर्तात एफची १४ मूलद्रव्ये वाढतात आणि ओळ ३२ घरांची होते. तेवढा रुंद तक्ता पानावर मावत नाही, म्हणून ती खाली वेगळ्या ओळीत छापतात. त्या ओळीला गण क्रमांक नसतो.

एक चूक फार वेळा होते. लोखंडाची मांडणी २, ८, १४, २ अशी लिहिली जाते आणि शेवटचा २ पाहून लोखंड दुसऱ्या गणात टाकले जाते. बाहेरच्या कवचावरून गण ओळखण्याची रीत पहिल्या, दुसऱ्या आणि १३ ते १८ या गणांपुरतीच चालते. मधल्या दहा गणांत आतल्या कवचातले डी इलेक्ट्रॉनही बंध तयार करण्यात भाग घेतात, त्यामुळे दोन्ही मिळून मोजावे लागतात: लोखंडात ६ डी आणि २ एस, एकूण ८. क्रोमियममध्ये ४ आणि २ ऐवजी ५ आणि १ अशी मांडणी असते, तांब्यात ९ आणि २ ऐवजी १० आणि १. बेरीज मात्र तीच राहते, म्हणून वजाबाकीला धक्का लागत नाही.

हिशेब अणुअंकाचाच हवा, अणुवस्तुमानाचा चालत नाही. १८६९ साली मेंडेलीव्हने आपला तक्ता मांडला तेव्हा अणुअंक ही कल्पनाच नव्हती, त्याची मूलद्रव्ये वस्तुमानाच्या क्रमाने लावलेली होती. टेलुरियमचे वस्तुमान १२७.६, आयोडीनचे १२६.९. वस्तुमानाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवे, पण तसे केले तर ते क्लोरीन-ब्रोमीनच्या स्तंभातून निसटून गंधकाच्या खाली जाते. मेंडेलीव्हने गुणधर्मांना मान देऊन टेलुरियम आधी ठेवले आणि त्याचे वस्तुमानच चुकीचे मोजले गेले असावे असे मानले. मोजमाप चुकलेले नव्हते. १९१३ मध्ये मोस्लेने क्ष-किरणांच्या मोजणीतून दाखवले की क्रम ठरतो तो अणुकेंद्रावरच्या धनप्रभारावरून, आणि टेलुरियमचा ५२, आयोडीनचा ५३ हा क्रम पक्का झाला. मेंडेलीव्हची जागा बरोबर होती, कारण चूक होते.

वजाबाकी फसते ती दोन-तीन ठिकाणी, आणि ती ठिकाणे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. हेलियमचे इलेक्ट्रॉन दोन, त्यामुळे हिशेबाने तो दुसऱ्या गणात, बेरिलियमच्या वर जायला हवा. पण त्याचे कवच दोनातच पूर्ण भरते, म्हणून त्याला १८व्या गणात निऑनच्या वर बसवले आहे. हायड्रोजन पहिल्या गणात असतो तो केवळ एका इलेक्ट्रॉनच्या नात्याने. सोडियमसारखा अल्क धातू तो नाही.

दुसरी अडचण तिसऱ्या गणाची. लँथॅनम ५७, वजा ५४ म्हणजे ३. ल्युटेशियम ७१, वजा ५४ म्हणजे १७, त्यातून १४ गेले की पुन्हा ३. इट्रियमच्या खालच्या एका घरावर दोघांचाही हक्क लागतो. काही तक्ते तिथे लँथॅनम छापतात, काही ल्युटेशियम, तर काही घर रिकामे सोडतात. ल्युटेशियम ठेवणे अधिक सयुक्तिक आहे, कारण मग डीची दहा मूलद्रव्ये सलग येतात, त्यांच्या मध्येच एफची १४ घुसत नाहीत.

एकाच स्तंभात असणे म्हणजे सारखेच वागणे, असे मात्र समजू नये. लिथियम नायट्रोजनशी साध्या तापमानालाही संयोग पावतो, सोडियम तसे करत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत सोडियमला नायट्रोजनचे वातावरण चालते, लिथियमला आर्गॉन लागतो. १४व्या गणात कथिलाला +४ ही ऑक्सिडीकरण अवस्था मानवते, त्याच्या खालच्या शिशाला +२. म्हणूनच कथिलाचे डायक्लोराइड क्षपणक आहे आणि शिशाचे डायऑक्साइड ऑक्सिडीकारक.

याच्या उलट टोकाला चौथा गण आहे. गणात वरून खाली येताना अणू मोठा होत जातो: टायटॅनियमची धातुत्रिज्या १४७ पिकोमीटर, झिर्कोनियमची १६०. त्याखालच्या हाफ्नियमची आणखी मोठी हवी, पण ती आहे १५९. मधल्या १४ मूलद्रव्यांत केंद्रावरचा प्रभार १४ने वाढतो, एफ इलेक्ट्रॉन मात्र तो नीट झाकू शकत नाहीत, आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. आकार आणि रसायन इतके सारखे की निसर्गात झिर्कोनियमच्या खनिजात हाफ्नियम मिसळलेलेच असते, साधारण १ ते ३ टक्के. १९२३ पर्यंत ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. ७२वे मूलद्रव्य झिर्कोनियमसारखे असणार असे नील्स बोरच्या सिद्धांतावरून निघत होते. कोपनहेगनमध्ये कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्याच खनिजात ते क्ष-किरणांनी शोधले.

घनतेत मात्र दोघांत दुपटीचा फरक आहे, घनसेंटीमीटरला ६.५ आणि १३.३ ग्रॅम. त्याहून मोठा फरक अणुकेंद्रात आहे. झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळजवळ शोषत नाही, म्हणून अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या त्याच्या मिश्रधातूच्या करतात. हाफ्नियम त्याच्या सुमारे ६०० पट न्यूट्रॉन शोषते, त्यामुळे एवढ्याशा भेसळीनेही नळ्या निरुपयोगी होतात. रासायनिक अभिक्रियेने दोघांना सहजी वेगळे करता येत नाही. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये ते थोडे वेगळ्या प्रमाणात विभागले जातात, आणि या बारीक फरकाचा फायदा घेत तीच क्रिया टप्प्याटप्प्याने करत राहावी लागते, झिर्कोनियममधले हाफ्नियम ०.०१ टक्क्याच्या खाली येईपर्यंत. बाजूला निघालेले हाफ्नियम पुन्हा अणुभट्टीतच जाते, अभिक्रिया आवरणाऱ्या नियंत्रक कांड्यांसाठी.