काळ्या पाण्यावरचा पांढरा बगळा

झाडांच्या सावलीने काळंशार झालेलं पाणी, आणि त्यात नेमक्या उन्हाच्या तिरिपेत उभा असलेला बगळा. मानेमागची दोन लांब तुऱ्याची पिसं वाऱ्याने हलतायत, पाठीवरच्या झालरीचा एकेक धागा सुटा दिसतोय. आपण शटर दाबतो, स्क्रीनवर बघतो, तर कागदातून कात्रीने कापून चिकटवल्यासारखा एक पांढरा आकार! काळी चोच आहे, डोळा आहे, मधलं सगळं अंग कोरं. माझ्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी बगळे असेच कोरे राहिले आणि त्यांचं मला अजून वाईट वाटतं, कारण डोळ्यांनी मी ती पिसं स्पष्ट पाहिली होती.

कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरा किंवा काळा रंग कळत नाही. समोरून किती प्रकाश येतोय, एवढंच तो मोजतो. पृष्ठभाग पांढरा आहे म्हणून जास्त प्रकाश येतोय की ऊन कडक आहे म्हणून, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. म्हणून तो एक गृहीत धरून चालतो: समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी असणार. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा राखाडी, असं छायाचित्रणात परंपरेने मानलं जातं.

आता आपल्या बगळ्याचा हिशोब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण गोष्ट त्यातूनच कळते. उन्हातली पांढरी पिसं ८० टक्के प्रकाश परत पाठवतात असं धरा. मागचं पाणी आधीच गडद, शिवाय सावलीत. त्याच्याकडून उन्हाच्या हिशोबाने अर्धा-पाऊण टक्काच येतो. बगळा लांब आहे, चौकटीचा विसावा भाग व्यापतोय. सरासरी येते साधारण साडेचार. मीटरला हवेत १८, म्हणून तो सगळंच चौपट उजळ करतो. ८० चे होतात ३२० आणि चौकटीची कमाल मर्यादा आहे १००. वरचं सगळं गेलं.

तोच बगळा चालत जवळ आला आणि त्याने अर्धी चौकट व्यापली, की सरासरी ४० वर जाते. आता मीटर घाबरून प्रकाश निम्म्याहून कमी करतो आणि बगळा मळकट राखाडी येतो. ऊन तेच, पक्षी तोच. बदललं फक्त अंतर. आजचे कॅमेरे चौकटीचे तुकडे पाडून बरंच हुशारीने मोजतात, तरी लहान पांढरा पक्षी आणि मोठा काळोख या जोडीपुढे तेही फसतात. ‘पांढऱ्या पक्ष्याला नेहमी प्लस कॉम्पेन्सेशन द्या’ (म्हणजे मीटरने ठरवलंय त्यापेक्षा फोटो मुद्दाम उजळ करा) हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. पक्षी चौकट भरून असेल तर प्लस बरोबर, काळ्या पार्श्वभूमीवर लहान असेल तर मायनस.

त्यापेक्षा सरळ मॅन्युअल मोडवर जावं आणि एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश घ्यायचा ते, पक्ष्यावर पडणाऱ्या उन्हानुसार ठरवावं. जुन्या फिल्मवाल्यांचा ‘सनी सिक्स्टीन’ नियम इथे आजही चालतो: स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१६ आणि शटरचा वेग आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतका. म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. अ‍ॅपर्चर एफ/८ केलं, म्हणजे छिद्र मोठं केलं, तर १/१६००. पांढऱ्या पिसांसाठी आणखी एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, १/३२००. तिथून एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायचा आणि जरासं इकडेतिकडे करायचं.

पांढऱ्याची एवढी काळजी का, तर सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल ठरावीक इतकेच इलेक्ट्रॉन साठवू शकतो. तो भरला की पुढच्या प्रकाशाची नोंदच होत नाही. पीस आणि त्याच्या कडेची पुसट सावली यांतला फरक मुळात थोडासा. दोन्ही पिक्सेल काठोकाठ भरले की दोघांचा आकडा एकच, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर तो फरक परत आणू शकत नाही. उलट मर्यादेच्या जरा खाली राहिलात तर पांढऱ्यासारखी श्रीमंत नोंद दुसरी नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि त्यातल्या निम्म्या, ८,१९२, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात. पिसांचा तपशील तिथेच मावतो.

काळोखाचं काय? तिथे प्रकाशकण मोजके पडतात, म्हणून खरखर दिसते. पण आपल्याला तो काळोखच हवाय, तो उजळायची गरज नाही. म्हणून काळी पार्श्वभूमी मला अडचण न वाटता मदत वाटते: सगळं लक्ष पांढऱ्याकडे देता येतं. खरी कसोटी लागते ती पंखांची टोकं काळी असलेल्या पांढऱ्या पक्ष्यांच्या वेळी, उदाहरणार्थ पांढरा करकोचा. मेलॅनिनमुळे पीस चिवट होतं आणि कमी झिजतं, म्हणून ती टोकं काळी. तिथे एकाच पंखात पांढऱ्या आणि काळ्या दोन्हींचा तपशील सांभाळावा लागतो.

पार्श्वभूमी काळी होते ती पक्षी उन्हात आणि मागचं सगळं सावलीत असल्यामुळे. ढगाळ हवेत दोघांवर सारखाच उजेड पडतो, त्यामुळे पिसं छान मऊ येतात पण काळोख विरतो. उन्हात मात्र दोन पावलं सरकून किंवा नुसतं खाली बसून सावलीचा तुकडा नेमका पक्ष्यामागे आणता येतो.

पांढऱ्या पिसात पांढरं रंगद्रव्य नसतं. पीस केराटिनचं, आणि त्यात असतात हवेच्या बारीक पोकळ्या. प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ते पांढरं दिसतं. फेस आणि बर्फ पांढरे दिसतात तसंच. त्यामुळे जो उजेड पडेल तो रंग पीस घेतं. सावलीकडची बाजू निळसर, पंखाखाली गवताची हिरवट झाक. ती सगळी पुसून टाकू नये, पक्ष्याच्या अंगाची गोलाई त्यातूनच कळते. कललेल्या सोनेरी उन्हात लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची वेगळी नोंद, सर्वांत आधी भरतो, म्हणून तेव्हा तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघावेत.

फोकस डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी ठेवा. सपाट पांढऱ्या छातीवर ऑटोफोकसला पकडायला काही मिळत नाही. आणि बगळा उडाला, काळ्या पाण्यावरून उजळ आकाशात शिरला, की मीटरचा आकडा एकदम उसळेल. त्याच्याकडे बघू नका. पंखांवर अजून तेच ऊन आहे, शटर दाबत राहा.