थेंब आटतो तेव्हा

खडीसाखरेच्या खड्यात मधोमध दोरा असतो. पाक दाट होत, गार होत जातो तसे साखरेचे रेणू टेकायला जागा शोधतात आणि दोऱ्यावर रांगेने बसू लागतात. प्रथिनांचे स्फटिक वाढवतानाही हेच साधायचं असतं, फक्त कढईच्या जागी एक थेंब असतो.

कॉलेजात असताना मी अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचे स्फटिक वाढवले होते. काचेच्या चकतीवर प्रथिन आणि मिठाचं पाणी यांचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब ठेवायचा. चकती पालथी करून जास्त खारट पाण्याच्या खळग्यावर बसवायची आणि कडेला ग्रीस लावायचं. थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खाली जातं, प्रथिन दाट होत जातं. घाई झाली तर नुसताच गढूळ साका. जळगावच्या मे महिन्यात खोली तापली की आलेले स्फटिकही विरघळून जायचे. एकदाचे जमले आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुई टेकवली. मिठाचा खडा कट्‌कन फुटतो, प्रथिनाच्या स्फटिकाचा मात्र ओल्या पेढ्यासारखा भुगा होतो. त्याचा साधारण निम्मा भाग पाणीच असतो!

एकट्या रेणूवर क्ष-किरण टाकून हाती फारसं लागत नाही. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच ठेवणीत बसलेले असतात, म्हणून किरणांच्या ठिपक्यांची स्पष्ट नक्षी उमटते आणि तिच्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, हिमोग्लोबिन, हाती घेतलं. त्याच्या चार साखळ्यांची घडी दिसायला १९५९ उजाडलं.

या रेणूशी माझा जीव जडला तो सातपुड्यामुळे. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान् पिढ्या आहे. हिमोग्लोबिनच्या साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे मणी, असतात. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त दोन बदललेली असतात: दोन्ही बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. व्हॅलिनला पाण्याचं वावडं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि व्हॅलिन नेमकं तिच्यात जाऊन बसतं. १९७५ मध्ये या हिमोग्लोबिनच्या स्फटिकातच ही जोडणी दिसली. अशा रांगांचा चौदा पदरी धागा वळला जातो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. प्रयोगशाळेत आम्ही ज्या रांगेसाठी दिवसदिवस वाट पाहतो, तीच तिथे जीवावर उठते.

गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी याच रांगेवर चालते. रक्ताचा थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढची तपासणी करायची. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्या पुढच्या तपासणीत कळतं.

तांबड्या पेशीच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हिमोग्लोबिनच असतो, म्हणजे दाटी आधीच मोठी. उन्हातान्हात रोजंदारी करणाऱ्या रुग्णाच्या अंगातलं पाणी घटलं की पेशीही आटते, अगदी माझ्या चकतीवरच्या थेंबासारखी. दाटी जराशी वाढली तरी धागे धरायचा वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगतात, आणि तो सल्ला औषधाइतकाच मनावर घ्यायला हवा. डॉक्टर देतात त्या हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. ते या धाग्यात नीट बसत नाही आणि रांग मध्येच तुटते.