झडप बदलताना बीएमआय पाहू नका, मांड्या पाहा

‘हृदयाची झडप बदलल्यावर जाड माणसं जास्त जगतात, म्हणजे अंगावर थोडी चरबी हवीच.’ हे इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. यातलं पहिलं वाक्य निदान कुणीतरी मोजलेलं आहे. ‘म्हणजे’च्या पुढचं सगळं घरगुती. मोजला होता बीएमआय. मग चरबी आली कुठून?

बीएमआय सगळ्यांना पाठ आहे: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं हे एकोणिसाव्या शतकातलं सूत्र, लोकसमूहांचा अभ्यास करताना सुचलेलं. भारतीयांसाठी जाडीची रेघ २५ वर मारायची की ३० वर, हा वाद इथे बिनकामाचा आहे.

घोळ होतो तो पुढे. टावीनंतरच्या, म्हणजे जांघेतल्या धमनीतून नळी घालून महाधमनीची झडप बसवलेल्या रुग्णांच्या बऱ्याच नोंदींत सगळ्यात वाईट हाल कमी बीएमआयवाल्यांचे दिसतात. पण त्या गटात असतं कोण? म्हातारपणी कॅल्शियम साचून ही झडप अरुंद होते. चार पावलांवर दम लागतो, म्हणून चालणं सुटतं. पाठोपाठ जेवण तुटतं. मांड्या-दंडांचं मांस झडतं आणि वजन उतरतं. तरुणपणापासून ५२ किलोच असलेले काटक आजोबा आणि वर्षभरात ६६ वरून ५२ वर आलेले आजोबा, उंची सारखी असेल तर तक्त्यात एकाच ओळीत बसतात. मुळात बारीक असणं वेगळं, आजाराने बारीक होत जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची माणसं त्या ओळीत भरली की शेजारची २७ बीएमआयची ओळ आपोआप धडधाकट दिसते. त्यांना पोटाने वाचवलं असं त्यातून निघत नाही. कदाचित आजाराने त्यांना अजून पोखरलेलं नव्हतं, एवढंच. आजारपणात चरबीचा साठा थोडाफार उपयोगी पडतही असेल, पण तो निकाल बीएमआय देऊ शकत नाही.

उलट बाजूनेही तो फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला फोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ही झाली हिंडत्याफिरत्या माणसांची गोष्ट. हृदय थकलेल्या माणसाच्या अंगात पाणीही साचतं. पाय सुजले की काटा चढतो, लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या की उतरतो, आणि चरबी होती तेवढीच राहते.

खरं तर हे सगळं वेगवेगळं दिसण्याची सोय टावीच्या तयारीतच असते. झडपेचं माप आणि जांघेपर्यंतच्या धमन्या पाहायला सीटी स्कॅन काढतातच. त्याच चित्रांत कमरेच्या मणक्याशेजारचा सोअस स्नायू दिसतो, कातडीखालची चरबी दिसते, आतड्यांभोवतीचीही दिसते. रिपोर्टात मात्र त्याबद्दल बहुधा एक ओळही नसते. हे मला अजिबात पटत नाही.

छाती उघडून करायच्या ऑपरेशनचं गणित थोडं निराळं. तिथे लठ्ठपणा, त्यात मधुमेह असेल तर जास्तच, जखम चिघळण्याचा धोका वाढवतो. तेवढं सर्जन स्वतःच सांगतात.

२०१७ साली छापलेल्या ‘फ्रेल्टी-एव्हीआर’ या अभ्यासात सत्तरीपुढच्या, दोन्ही पद्धतींनी झडप बदललेल्या रुग्णांचा अशक्तपणा वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजला होता. त्यांतली सरस ठरलेली पट्टी चारच गोष्टी विचारते: हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठता येतं का आणि किती वेळात, हिमोग्लोबिन किती, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन किती, स्मरण-आकलन कसं आहे. वजन त्यात कुठेच नाही.

त्यामुळे ऑपरेशनआधी ‘जरा अंग धरू दे’ म्हणून आजोबांना डिंकाचे लाडू चारणारे आणि ‘वजन उतरवा’ म्हणून त्यांचं जेवण तोडणारे, दोघेही मला सारखेच वैताग आणतात. डॉक्टरांना आजचं वजन सांगाच, पण सोबत वर्षापूर्वीचंही सांगा, लेंग्याची नाडी किती आवळावी लागते तेही सांगा आणि विचारा: खुर्चीतून उठण्याची चाचणी कधी करणार?