पार्श्वभूमी : मेंदूची दुखापत, हरवलेली स्मृती आणि निकोटिन

डोक्याला जबर मार बसलेला रुग्ण घरी येतो, चालू-बोलू लागतो. पण सकाळी भेटायला कोण आलं होतं, हे दुपारी त्याला आठवत नाही. घरच्यांना जखमेपेक्षा हे विसरणं जास्त छळतं. त्यावर निकोटिनचा उपयोग होईल का, हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यामागे शंभर वर्षांचं संशोधन आहे.

१९०५ साली केंब्रिजमध्ये जॉन लँगली कोंबड्यांवर प्रयोग करत होते. निकोटिन दिलं की स्नायू आखडायचा. मज्जातंतू कापून तो पूर्ण निकामी झाला, तरी आखडायचाच. म्हणजे निकोटिन मज्जातंतूवर नव्हे, थेट स्नायूवरच्या कशावर तरी काम करत होतं. रिसेप्टरची, म्हणजे पेशीवर ठरावीक रसायन जिथे येऊन काम करतं त्या जागेची, कल्पना इथून रुजली. पुढे १९१४ मध्ये हेन्री डेल यांनी दाखवलं, की ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंचे निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे काही परिणाम हुबेहूब निकोटिनसारखे असतात.

१९७६ च्या सुमारास अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हेच ॲसिटिलकोलीन तयार करणारं विकर (एन्झाइम) फार घटल्याचं दिसलं आणि या रसायनाचं स्मृतीशी असलेलं नातं चर्चेत आलं.

अपघाती दुखापतीच्या बाबतीत महत्त्वाचं काम अमेरिकेत केंटकी विद्यापीठात झालं. मेंदूला मार बसलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात त्या भागात, अल्फा-७ जातीचे निकोटिन रिसेप्टर कमी झालेले आढळले. मग उंदरांची परीक्षा पाण्यात झाली. हौदात पाण्याखाली एक फळी लपवलेली असते. आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवून उंदराने पोहत ती शोधायची. दुखापतीनंतर निकोटिन मिळालेल्या उंदरांमधली शिकण्या-आठवण्यातली तूट कमी झाल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. रिसेप्टरची घटही काही अंशी भरून निघाली होती.

माणसांवरचा एक नावाजलेला अभ्यास २०१२ मधला, पण तो दुखापतीचा नव्हे. सौम्य स्मृतिदोष असलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या ७४ जणांपैकी निम्म्यांना सहा महिने निकोटिनचा पॅच लावला. त्यांचं लक्ष आणि स्मृती चाचण्यांमध्ये सुधारली. डॉक्टरांच्या एकूण मूल्यमापनात मात्र ठळक फरक पडला नाही.

यातून कुणी रुग्णाच्या हातात तंबाखूची पुडी किंवा मशेरीची डबी देऊ नये, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. १९९८ च्या रॉटरडॅम अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना अल्झायमरचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. मेंदूच्या दुखापतीवरचं मान्यताप्राप्त औषध म्हणूनही निकोटिन आज वापरलं जात नाही.